गुरांच्या जाळीवरून

आठवडाभर मी माणसं नेते.
मोडलेले खुबे, ताजे टाके,
डायलिसिसला जाणारे तीन म्हातारे
आणि तिघांत मिळून एकच विनोद.
माखन्लेथपासून दवाखान्यापर्यंत
कुठला खड्डा कुठे, हे मला
डोळ्यांपेक्षा मणक्यांनी जास्त पाठ आहे.

रविवारी भावाची फौज.
चौसष्ट जण,
करंगळीच्या पेराहून थोडे उंच,
भाले असे की शिंक आली तर तोंड फिरवावं.
प्रत्येकाच्या डोळ्यात बुबुळ आहे. हो, बुबुळ.
इडवालने ती हिवाळाभर
श्वास रोखून काढली,
पाच केस उरलेल्या ब्रशने.

आधी तो त्यांना स्पंजात कोंबायचा.
मी म्हटलं, अरे, स्ट्रेचरचा पट्टा असा आवळतात?
दाबलं की मोडतं, सैल सोडलं की आपटतं,
मधली जागा शोधायची,
तेवढ्याचाच मला पगार मिळतो.
तो काही बोलला नाही.
पुढच्या आठवड्यात आईचा केकचा डबा घेऊन आला,
अस्सल पत्र्याचा, झाकणावर चिमण्या,
आणि माझ्या नाकासमोर उलटा धरला.
चौसष्ट माणसं वटवाघळांसारखी लटकली,
एकाचीही टोपी हलली नाही.
तळव्यांना चुंबकं लावली होती.

नोव्हेंबर, पहाटे साडेपाच.
डबा डिकीत नाही, मागच्या सीटवर नाही,
त्याच्या मांडीवर.
डोंगर उतरताना गुरांसाठी रस्त्यात गाडलेली लोखंडी जाळी लागते,
तिच्यावरून मी गाडी
झोपलेल्या बाळावरून पांघरूण ओढावं तशी काढली.
आणि वळणापलीकडे
धुक्याचाच एक तुकडा वाटावा अशी मेंढी.

ब्रेक.

मेंढी गेली, मागे वळूनही न बघता.
डब्यात
टिक्.
काडी मोडल्याएवढा आवाज.

त्याने झाकण उघडलं नाही.
अकरा मैल.
मला हे ठाऊक आहे. मागे बसलेले नातेवाईकसुद्धा
चादर उचलून बघत नाहीत,
खिडकीबाहेर बघतात,
पेट्रोलचे भाव वाचतात मोठ्याने.
वेल्शपूलला चहा प्यायलो, मग उघडलं.
घोडा जड, चुंबक लहान.
निशाणवाल्याचा घोडा तीन पायांवर,
चौथा पाय कुणाच्या तरी ढालीला चिकटलेला.
स्वार मात्र निशाण उंच धरून
बघत होता पुढेच. बुबुळं होती ना.

श्रूजबरीच्या हॉलमध्ये समोर आला
कॉर्बिन टील, वय सतरा,
त्याची फौज अंड्यांच्या खोक्यांत,
वर मोजे.
काही मोडलं नव्हतं त्याचं. काहीसुद्धा.
इडवालने ती खोकी बघितली, मग माझ्याकडे बघितलं,
मी छताकडे.
पोराने खिशातून डिंकाची नळी काढली,
तीस सेकंद धरून ठेवायचं, म्हणाला, बोलायचं नाही.
तिघंही गप्प उभे राहिलो
एका घोड्याच्या पायाभोवती.

पहिल्याच फेरीत फासे पडले
आणि निशाणवाला गेला.
इडवालने त्याला कुशीवर निजवलं,
बऱ्या तीन पायांच्या बाजूवर,
तळहात खाली धरून, हळूच.
एवढं जपून आणलेल्याला
एवढ्या जपून मारताना
मी आजवर कुणाला पाहिलेलं नाही.

परत येताना अंधार. हरलेला भाऊ घोरतोय.
मांडीवर डबा, त्यात एकूण एक मेलेले
आणि एकूण एक उभे.
जाळी आली तसा मी वेग पाचावर आणला.

सोमवारी मागे मिसेस बेवन होत्या,
नवा खुबा, घरी परत.
त्याच जाळीवर म्हणाल्या,
अगं, चाल की जरा, मी काय काचेची आहे?
मी म्हटलं, नाही हो.
आणि वेग तेवढाच ठेवला.